साठवणींतील बाटलीबंद पाणी व त्यांतील जंतूंची वाढ

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या मुंबईच्या उपनगरांत बाटलीबंद पाणी मिळत नाहीं असें स्टेशन नाहीं कीं बाजार नाहीं. वसई-पालघरकडून फुलें व भाजी घेऊन पहाटेच्या गाडीनें बोरिवलीस किंवा दादरास उतरणाऱ्या बागाईतदाराच्या पिशवींतहि हल्लीं पाण्याची बाटली असते. आणि लग्नकार्य, भातझोडणी, ग्रामसभा अशा प्रसंगीं खेड्यापाड्यांत रांजणाची जागा वीस लिटरच्या जारनें घेतली आहे. पैसे मोजून घेतलेलें पाणी शुद्ध असलेंच पाहिजे, आणि बूच बंद आहे तोंपर्यंत तें शुद्धच राहिलें पाहिजे, अशी बहुतेकांची समजूत असते. या समजुतीचा पहिला भाग, पाणी रीतसर भरलेलें असेल तर, बऱ्याच अंशीं खरा आहे. दुसरा भाग तसा नाहीं. बंद बाटलींतील पाण्यांतहि सूक्ष्म जंतु वाढूं शकतात, आणि त्यांची वाढ किती व्हावी हें पाणी भरणाऱ्याइतकेंच तें ठेवणाऱ्यावरहि अवलंबून असतें. बियाणें कितीहि निवडक असलें तरी कणगींत ओल राहिल्यास तें बिघडतें, हें ज्यास ठाऊक आहे त्यास ही गोष्ट समजण्यास कठीण पडूं नये. प्रस्तुत लेखांत या वाढीचीं कारणें, तिच्यापासून होणारा खरा धोका व तो टाळण्याचे उपाय क्रमानें सांगितले आहेत.

नळाच्या पाण्याचा राखणदार

उपनगरांचा हा मुलूख, म्हणजे जुनें साष्टी बेट, एके काळीं भातखाचरांचा व वाड्यांचा होता. पाण्यासाठीं विहिरी होत्या, व रोजचें पाणी रोज काढण्याची चाल होती. मुंबई शहराची तहान मात्र विहिरींनीं व लहान तळ्यांनीं भागेना. म्हणून १८६० सालीं विहार, १८७९ सालीं तुळशी व १८९२ सालीं तानसा हे तलाव तयार करण्यांत आले. यांपैकीं विहार व तुळशी हे आज बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरांत आहेत. पुढें वैतरणा व भातसा या नद्यांचें पाणीहि आणण्यांत आलें. शहरास मिळणाऱ्या पाण्याचा फार मोठा भाग भांडुप येथील शुद्धीकरण केंद्रांत गाळून व क्लोरिन घालून नळांत सोडला जातो.

क्लोरिन घालण्याचा हेतु दुहेरी असतो. पाण्यांत त्या वेळीं असलेले जंतु मारणें हा एक. आणि वाटेंत नव्यानें शिरणाऱ्या जंतूंचा बंदोबस्त व्हावा म्हणून त्याचा थोडा अंश पाण्यांत शिल्लक ठेवणें हा दुसरा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणें (आय. एस. १०५००) हा शिल्लक क्लोरिन ग्राहकाच्या नळापाशीं लिटरमागें निदान ०.२ मिलिग्रॅम असावा लागतो. पीक हातीं येईपर्यंत माळ्यावर राखणदार बसवितात, तशीच ही योजना आहे. राखणदार जागा आहे तोंपर्यंत पांखरांचें चालत नाहीं. नळाच्या पाण्यास जो किंचित् उग्र वास येतो व ज्यामुळें पुष्कळ लोक नाक मुरडतात, तो वास या राखणदाराचाच असतो.

बाटलींतील पाणी कसें तयार होतें

मुंबईंत १९६५ सालीं 'बिसलेरी' या इटालियन नांवाचें पाणी कांचेच्या बाटल्यांतून विक्रीस आलें, आणि १९६९ सालीं विलेपार्लें या उपनगराचें नांव धारण करणाऱ्या पार्ले मंडळीनें तो धंदा विकत घेतला. पुढें प्लॅस्टिकच्या हलक्या बाटल्या निघाल्यावर या धंद्याचा प्रसार झपाट्यानें झाला. लोक अशा सर्वच पाण्यास 'मिनरल वॉटर' म्हणतात. परंतु कायद्याच्या दृष्टीनें त्यांत दोन जाती आहेत. झऱ्यांतून अथवा भूगर्भांतून येणारें व ज्यांतील क्षार नैसर्गिक स्थितींत कायम ठेवलेले असतात तें नैसर्गिक खनिज पाणी, त्यास आय. एस. १३४२८ हें मानक आहे. विहीर, कूपनलिका अथवा नळ यांचें पाणी यंत्रांनीं शुद्ध करून भरलेलें तें वेष्टित पेयजल. त्याचें मानक आय. एस. १४५४३ हें होय. बाजारांत मिळणाऱ्या बहुतेक बाटल्या या दुसऱ्या जातीच्या असतात.

वेष्टित पेयजल तयार करतांना पाणी प्रथम वाळूच्या गाळणींतून व नंतर क्रियाशील कोळशांतून नेतात. कोळसा वास व रंग शोषून घेतो. त्याबरोबर क्लोरिनहि काढून टाकतो. पुढें 'आर. ओ.' च्या पटलांतून दाबानें पाणी गाळून क्षार कमी करतात, अतिनील किरणांखालून नेतात, आणि शेवटीं ओझोन वायु सोडतात. ओझोन हा अतिशय तीव्र जंतुघ्न आहे. पण तो टिकाऊ नाहीं. सामान्य उष्णमानांत त्याचें पाण्यांतील प्रमाण अर्ध्या तासाच्या आंतबाहेर निम्म्यावर येतें, व कांहीं तासांनंतर तो जवळजवळ उरत नाहीं. यामुळें बाटली दुकानांत पोहोंचते तेव्हां तिच्यांतील पाणी नळाच्या पाण्याहून अधिक स्वच्छ असूं शकतें, पण त्यांत राखणदार कोणीच नसतो. साठवणीच्या पुढील सर्व विचाराचें मूळ या एका गोष्टींत आहे.

वाढ कशी होते

भरण्याच्या वेळीं पाण्यांत, बाटलीच्या आंतल्या अंगास, बुचांत किंवा यंत्राच्या तोटींत थोडे तरी जंतु शिल्लक राहणें संभवतें. एका मिलिलिटरांत ते दहा-वीस असले तरी पाणी उत्तम समजलें जातें. परंतु जंतूची वाढ एकाचे दोन, दोनाचे चार अशी होत असते. समजा, आरंभीं मिलिलिटरमागें १० जंतु आहेत व दर आठ तासांनीं ते दुप्पट होतात. तेरा वेळां दुप्पट झाल्यावर त्यांची संख्या ८१,९२० होईल. आणि यास लागणारा काळ १०४ तास, म्हणजे चार दिवस आठ तास इतकाच! हें उदाहरण हिशेबासाठीं घेतलें आहे. तथापि ओझोन किंवा दुसरा जंतुघ्न न घातलेल्या खनिज पाण्यावर अनेक देशांत झालेल्या प्रयोगांतहि असेंच दिसून आलें आहे. पहिल्या आठवड्याच्या सुमारास संख्या मिलिलिटरमागें दहा हजारांपासून एक लाखापर्यंत जाते, कांहीं काळ तेथें स्थिर राहते, आणि नंतर महिन्यांच्या हिशेबानें हळूहळू उतरते. ओझोन दिलेल्या पाण्यांत ही वाढ बहुधा उशिरा व कमी होते. परंतु ती होणारच नाहीं असें म्हणतां येत नाहीं.

ही गोष्ट कांहीं नवी नाहीं. पाण्याचे नमुने बाटलींत भरून दूर पाठविले असतां वाटेंतच त्यांतील जंतूंची संख्या बदलते, हें अमेरिकेंतील व्हिपल या अभियंत्यानें १९०१ सालीं दाखविलें होतें. पुढें १९३६ सालीं झोबेल व अँडरसन या संशोधकांनीं समुद्राचें पाणी लहानमोठ्या कांचपात्रांत ठेवून असें सिद्ध केलें कीं, भांडें जितकें लहान तितकी वाढ अधिक. याचें कारण असें कीं पाण्यांतील अत्यल्प अन्नकण भांड्याच्या भिंतीस चिकटून एकत्र येतात, आणि जंतुहि त्या भिंतीवरच ठाण मांडून बसतात. लहान बाटलींत पाण्याच्या मानानें भिंतीचा पृष्ठभाग जास्त असतो. म्हणजे बाटलीची भिंत हीच जंतूंची खाचरें होत. त्यांची पेरणी व कापणी तेथें चालते, व मधलें पाणी हें वाटेसारखें असतें.

येथें वाचकांच्या मनांत अशी शंका येईल कीं, निर्मळ पाण्यांत जंतु खातात तरी काय? शंका रास्त आहे. पण जंतूंची भूक आपल्या कल्पनेपेक्षां फारच लहान असते. पाण्यांत विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्यांपैकीं जंतूंस सहज पचेल असा कर्बाचा अंश एक मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लक्षावा भाग, असला तरी त्यावर सुमारें एक कोटि जंतु पोसूं शकतात. लिटरमागें असे दहा मायक्रोग्रॅम असल्यास लिटरांत दहा कोटि, अर्थात् मिलिलिटरांत एक लाख जंतु होऊं शकतील. प्रयोगांत आढळणारी संख्या याच घरांत येते, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. उलट हें प्रमाण लिटरमागें दहा मायक्रोग्रॅमांच्या बरेंच खालीं असल्यास जंतूंची वाढ खुंटते.

ओझोनाविषयीं आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तो जंतु मारतो, त्याचबरोबर पाण्यांतील मोठ्या व न पचणाऱ्या सेंद्रिय द्रव्यांचे लहान, पचण्याजोगे तुकडेहि करतो. जे थोडे जंतु वांचतात किंवा मागाहून शिरतात त्यांस हें जणूं खतच मिळतें. बरें, ओझोन वाटेल तितका अधिक सोडावा तर तेंहि चालत नाहीं; कारण पाण्यांत ब्रोमाइड असल्यास त्यापासून ब्रोमेट हें अपायकारक द्रव्य तयार होतें, आणि त्याची मर्यादा लिटरमागें अवघी १० मायक्रोग्रॅम आहे. म्हणून मूळ पाणी निर्मळ असणें व यंत्रें स्वच्छ राखणें यास दुसरा पर्याय नाहीं.

हे जंतु घातक आहेत काय?

वाचकांनीं वरील आंकडे पाहून घाबरूं नये. बाटलींत वाढणारे बहुतेक जंतु माती, झरे व विहिरी यांतील नेहमींचे रहिवासी असतात. त्यांस थंड व उपाशी पाण्यांत राहण्याची संवय असते, आणि निरोगी मनुष्याच्या पोटांत त्यांचें कांहीं चालत नाहीं. दह्याच्या एका चमच्यांत याहून कितीतरी अधिक जंतु असतात व ते आपण आवडीनें खातों. जंतूंची नुसती संख्या हा रोगाचा पुरावा नव्हे.

तरी धोका नाहीं असेंहि नाहीं, आणि तो दोन प्रकारचा आहे. पहिला प्रकार मलमूत्राच्या संसर्गानें येणाऱ्या जंतूंचा. पटकी, विषमज्वर, रक्तातिसार यांचे जंतु निर्मळ पाण्यांत सहसा वाढत नाहींत. पण मूळ पाण्यांतूनच आले असतील तर ते कांहीं दिवस, प्रसंगीं कित्येक आठवडे, जिवंत राहूं शकतात, व तेवढ्यानें काम होतें. १९७४ सालीं पोर्तुगालमध्यें पटकीची सांथ आली. तपासाअंतीं अर्धेकच्चे शिंपले व एका झऱ्याचें बाटलींत भरून विकलेलें साधें खनिज पाणी हीं तिच्या प्रसाराचीं साधनें ठरलीं. दोष येथें साठवणीचा नव्हता, उगमाचा होता. बूच घट्ट होतें म्हणून त्या पाण्याचा दोष गेला नाहीं.

दुसरा प्रकार संधिसाधु जंतूंचा. 'स्यूडोमोनास एरुजिनोसा' हा जंतु निर्मळ पाण्यांतहि वाढूं शकतो. धडधाकट मनुष्यास तो बहुधा बाधत नाहीं. परंतु तान्हें मूल, भाजलेला रोगी, कर्करोगावर उपचार घेणारा, अतिदक्षता विभागांतील रोगी अशांस तो प्राणघातक होऊं शकतो. जर्मनींतील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागांत या जंतूचा उपद्रव होऊन त्याचा माग बाटलींतील पाण्यापर्यंत लागल्याचा वृत्तांत २००८ सालीं प्रसिद्ध झाला आहे. म्हणून आजाऱ्यास व बाळास 'बाटलीचें' म्हणून पाणी जसेंच्या तसें देणें ही सर्वस्वी सुरक्षित गोष्ट नव्हे. बाळाचें दूध कालविण्यासाठीं पाणी, मग तें बाटलीचें असो वा नळाचें, खळखळून उकळूनच घ्यावें.

उष्णता, उजेड व वायु

जंतूंच्या वाढीवर सर्वांत मोठा परिणाम उष्णतेचा होतो. शीतपेटींत चार-पांच अंशांवर वाढ फार मंदावते. मुंबईच्या दमट हवेंत तीस अंशांच्या आसपास ती जोमानें होते. पत्र्याच्या गुदामांत, उभ्या मालमोटारींत किंवा टपरीच्या छपरावर बाटल्यांच्या थप्प्या लावल्या म्हणजे आंतील पाणी दिवसभर कोमट राहतें, आणि प्लॅस्टिकचा वासहि पाण्यास लागतो. पाण्यास वास किंवा चव आली नाहीं म्हणून तें निर्दोष, असें मात्र समजूं नये. लाखभर जंतु असलेलें पाणीहि डोळ्यांस आरशासारखें स्वच्छ दिसतें.

कांहीं वाचक म्हणतील कीं, उन्हानें तर जंतु मरतात! तेंहि खरें आहे. स्वच्छ व पारदर्शक प्लॅस्टिकच्या दोन लिटरपर्यंतच्या बाटलींत गढूळ नसलेलें पाणी भरून कडक उन्हांत सहा तास आडवें ठेवल्यास अतिनील किरण व उष्णता यांच्या संयोगानें रोगजंतु मरतात. आभाळ असल्यास दोन दिवस ठेवावें लागतें. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनीं प्रसृत केलेली ही रीत अडचणीच्या वेळीं उपयोगी आहे. परंतु उघड्यावर सर्व अंगांनीं ऊन लागणें वेगळें, आणि खोक्यांत किंवा गुदामांत नुसती ऊब लागणें वेगळें. पहिल्यांत जंतु मरतात. दुसऱ्यांत ते पोसतात.

कार्बन डायऑक्साइड वायु भरलेल्या सोड्यासारख्या पाण्यांत मात्र जंतूंची वाढ सहसा होत नाहीं. कारण त्या वायूमुळें पाणी आम्ल होतें. साध्या पाण्यास असें कांहींच संरक्षण नसतें.

मोजणी व मर्यादा

पाण्यांतील जंतु मोजण्यासाठीं त्याचा एक मिलिलिटर भाग पोषक द्रव्यें घातलेल्या आगराच्या थाळींत ओततात. आगर हा समुद्रशैवालापासून केलेला, खरवसासारखा थिजणारा पदार्थ आहे. थाळी ठराविक उष्णतेंत ठेवली असतां प्रत्येक जिवंत जंतूपासून डोळ्यांस दिसेल असा एक ठिपका तयार होतो. ठिपके मोजले कीं झाली मोजणी. ही रीत जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यानें रूढ केली. १८९२ सालीं हांबुर्ग शहरांत पटकीनें हाहाकार उडविला, पण शेजारच्या आल्टोना गांवांत वाळूच्या गाळण्या असल्यामुळें तो पुष्कळ अंशीं वांचला. त्या अनुभवावरून गाळलेल्या पाण्यांत मिलिलिटरमागें १०० हून अधिक जंतु असूं नयेत, असा दंडक कॉखनें सुचविला.

हाच आंकडा आजहि चालू आहे. आय. एस. १४५४३ प्रमाणें २० ते २२ अंशांवर ७२ तासांत मिलिलिटरमागें १००, आणि ३७ अंशांवर २४ तासांत २०, ही जंतूंची कमाल मर्यादा आहे. मलसंसर्ग दाखविणारे कोलाय वर्गाचे जंतु व 'स्यूडोमोनास एरुजिनोसा' हे २५० मिलिलिटरांत एकहि असतां कामा नये. युरोपांतील नियमांत खनिज पाण्याची एकूण मोजणी भरल्यापासून बारा तासांच्या आंत, पाणी थंड ठेवून, करावी असें स्पष्ट सांगितलें आहे; कारण पुढें संख्या वाढणार हें नियम करणारांस ठाऊक होतें. या तरतुदीचा बोध असा कीं, १०० ची ती मर्यादा भरण्याच्या घटकेची आहे, पिण्याच्या घटकेची नव्हे. रोगजंतु मात्र दोन्ही घटकांस नसलेच पाहिजेत.

आपल्या देशांत बाटलीबंद पाण्यास मानक संस्थेचा शिक्का २००१ सालीं सक्तीचा झाला. ऑक्टोबर २०२४ मध्यें ही सक्ती काढण्यांत आली, व त्याच वर्षाच्या अखेरीस अन्नसुरक्षा प्राधिकरणानें हें पाणी अधिक जोखमीच्या पदार्थांच्या वर्गांत घालून त्यावरील तपासणी कडक केली. ग्राहकानें बाटलीवर परवान्याचा चौदा आंकडी क्रमांक, भरल्याची तारीख व बुचाचें अखंड सील या तीन गोष्टी पाहाव्या. ज्या जारवर यांपैकीं कांहींच नाहीं, त्याचें पाणी कितीहि गार असलें तरी वरील कोणत्याहि मर्यादेचा भरंवसा त्याविषयीं धरतां येत नाहीं.

जार व उघडी बाटली

व्यवहारांत सर्वांत अधिक धोका बंद बाटलीचा नसून उघडलेल्या बाटलीचा व पुनःपुन्हा भरल्या जाणाऱ्या जारचा आहे. माणसाच्या एका मिलिलिटर लाळेंत सुमारें दहा कोटि जंतु असतात. बाटलीस तोंड लावून पाणी प्यालें कीं त्यांतील कांहीं पाण्यांत उतरतात, व लाळेबरोबर त्यांचें अन्नहि उतरतें. तीच बाटली न धुतां आठ-आठ दिवस भरून वापरली म्हणजे आंतल्या अंगास बुळबुळीत थर धरतो. निमुळत्या गळ्यामुळें आंत हात किंवा कुंचा जात नाहीं, आणि नुसत्या विसळण्यानें हा थर निघत नाहीं. बैलाच्या पाण्याच्या डोणीस शेवाळ धरलें तर आपण ती खराट्यानें घासतों. पण स्वतःच्या बाटलीची तेवढी काळजी घेत नाहीं!

वीस लिटरचा जार एकदां उघडला कीं तो संपेपर्यंत दिवसांमागून दिवस जातात. तो यंत्रावर पालथा घातला असतां पाणी खालच्या टाकींत व नळींत उतरतें, बाहेरची हवा व धूळ आंत जाते, आणि टाकींत तोच थर बसतो. पुढें कितीहि चांगला जार आणून ठेवला तरी पाणी त्या थरावरूनच पेल्यांत येतें. अशी टाकी व तोट्या महिन्यांतून निदान एकदां पुढील रीतीनें धुवाव्या: पांच लिटर पाण्यांत शेंकडा ५ क्लोरिन असलेलें, सुवास न घातलेलें द्रावण २० मिलिलिटर मिसळावें, तें टाकींत दहा मिनिटें ठेवून तोट्यांतून सोडून द्यावें, आणि वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्यानें दोन-तीन वेळां खंगाळावें. जार उन्हांत ठेवूं नये. ठेवल्यास आंत हिरवें शेवाळ धरतें.

घरचें पाणी घरीं राखावें

शेतकऱ्यांस येथें एक हिशेब सांगणें अवश्य वाटतें. स्वतःची विहीर असतां जारवर पैसे खर्च करण्यापूर्वीं त्या विहिरीस राखणदार नेमून पाहावा. उत्तम प्रतीची विरंजक पूड, म्हणजे ब्लीचिंग पावडर, १,००० लिटर पाण्यास २.५ ग्रॅम पुरते. गोल विहिरीचें पाणी काढण्याची रीत अशी: व्यासाचा वर्ग करून त्यास पाण्याच्या खोलीनें व ३.१४ नें गुणावें आणि ४ नें भागावें. मापें मीटरमध्यें असल्यास उत्तर घनमीटरमध्यें येतें, व प्रत्येक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. तीन मीटर व्यासाच्या विहिरींत चार मीटर पाणी असल्यास तें सुमारें २८,२६० लिटर भरेल; त्यास ७० ग्रॅम पूड लागेल. ती बादलींत कालवून, चुना तळीं बसूं देऊन, वरची निवळी दुसऱ्या बादलींत घेऊन विहिरींत बुडवून ढवळावी, व निदान एक तास पाणी काढूं नये. पूड जुनी असल्यास तिची शक्ति कमी होते, म्हणून ती बंद डब्यांत कोरड्या जागीं ठेवावी. विहिरीस कठडा नसेल, जवळच उकिरडा किंवा शोषखड्डा असेल, तर मात्र आधीं त्याची व्यवस्था लावावी.

विहिरींत मलसंसर्ग आहे कीं नाहीं हें पाहण्यास एक स्वस्त साधन उपलब्ध आहे. ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन संस्थेंतील मांजा व त्यांचे सहकारी यांनीं १९८२ सालीं प्रसिद्ध केलेली ही कुपी-परीक्षा होय. औषध लावलेल्या कागदाच्या कुपींत पाणी भरून उबदार जागीं ठेवावें. एक-दोन दिवसांत तें काळें पडल्यास पाणी संशयित समजावें. या परीक्षेनें जंतूंची एकूण संख्या कळत नाहीं. पण गांवांतल्या गांवांत चाळणी लावण्यास ती पुरेशी आहे.

तांब्यापितळेच्या भांड्यांविषयींहि नव्या प्रयोगांनीं जुन्या चालीस आधार दिला आहे. तांब्याच्या भांड्यांत पाणी सोळा तास ठेवलें असतां त्यांत घातलेले पटकी व अतिसार यांचे जंतु नाहींसे झाले, व पाण्यांत उतरलेलें तांबें सुरक्षित मर्यादेच्या आंत राहिलें, असें बंगळूर येथील संशोधकांनीं २०१२ सालीं दाखविलें. भांडें मात्र रोज घासलेलें असावें, व त्यांत ताक-लिंबासारखे आंबट पदार्थ ठेवूं नयेत.

लक्षांत ठेवण्याच्या गोष्टी

१. बाटली घेतांना भरल्याची तारीख पाहावी. जुन्या मालापेक्षां ताजा माल व उन्हांतल्या बाटलीपेक्षां सांवलींतली बाटली पसंत करावी.

२. साठा थंड, कोरड्या व अंधाऱ्या जागीं, जमिनीपासून उंच फळीवर ठेवावा. रॉकेल, खतें व कीटकनाशकें यांच्या शेजारीं मुळींच ठेवूं नये.

३. आधीं आलेला माल आधीं संपवावा. कार्यासाठीं उरलेले जार महिनोन् महिने सांठवूं नयेत.

४. उघडलेली बाटली त्याच दिवशीं संपवावी. तोंड लावून पिण्याची संवय सोडावी.

५. एकदां वापरण्याची बाटली पुन्हा भरून महिनाभर वापरूं नये. रोजच्या कामास रुंद तोंडाचें, आंत हात जाईल असें भांडें घ्यावें.

६. रांजणांतून किंवा पिंपांतून पाणी हात बुडवून काढूं नये. तोटी असावी, नाहींतर लांब दांड्याचें ओगराळें वापरावें.

७. तान्हें मूल, अशक्त वृद्ध व रोगी यांस कोणतेंहि साठविलेलें पाणी उकळून, निववून, त्याच दिवशीं द्यावें.

८. संशय आल्यास स्वच्छ पाण्यांत लिटरमागें शेंकडा ५ क्लोरिनच्या सुवासरहित द्रावणाचे दोन थेंब टाकून अर्धा तास थांबावें व मग प्यावें.

बाटलीबंद पाणी हें प्रवासांत, सांथींत व पुराच्या वेळीं उपयोगाचें आहे, यांत शंका नाहीं. आणि रीतसर भरलेल्या पाण्यास उगीच नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु किंमत देऊन आपण जी शुद्धता घेतों ती भरण्याच्या घटकेची असते. पुढच्या दिवसांची शुद्धता विकत मिळत नाहीं. ती घरांत, दुकानांत व शेतावर ज्याच्या ताब्यांत पाणी असेल त्यानेंच राखावी लागते. उपनगरांत भाजी व दूध पोंचविणाऱ्या आपल्या वाचकांस नासणाऱ्या मालाची काळजी घेणें नवें नाहीं. पाणीहि त्याच वर्गांत मोडतें असें समजून वागल्यास घरांतील लहानथोरांचे पुष्कळसे पोटाचे विकार टळतील, व औषधापायीं होणारा खर्चहि वांचेल.